संभाव्य पंधरा

झेली झोपली की मायलीसचं ऑफिस उघडायचं. ऑफिस म्हणजे स्वयंपाकघरातल्या टेबलाचा खिडकीकडचा कोपरा. तिथे लॅपटॉप, गार झालेली कॉफी आणि पोरीचं एखादं ओलं लाळेरं. आठ महिन्यांच्या बाळाची दुपारची झोप काय, कधी तासभर लागते, कधी शेजारचा कुत्रा एकदा भुंकला तरी मोडते. तेवढ्यात जे लिहून होईल ते व्हालकास्तेलच्या दैनिकात खेळाच्या पानावर यायचं. नवरा ट्रक घेऊन स्पेनला गेला की घरात या दोघीच. एक लिहायची, एक झोपायची, आणि दोघींचं मिळून कसंबसं एक पान भरायचं.

या आठवड्याचं पान मात्र साधंसुधं नव्हतं. शनिवारी व्हालकास्तेलचा रग्बी संघ युरोप चषकाच्या उपांत्यपूर्व फेरीत इंग्लंडच्या मेल्टनफर्डशी भिडणार होता. जिंकला तो पुढे, हरला तो घरी. असा दिवस गावाने मायलीसच्या जन्मापासून पाहिला नव्हता. खाटकाने दुकानाच्या काचेत निळ्या-पांढऱ्या फितींमध्ये सॉसेजच्या माळा टांगल्या होत्या. पाद्रीबाबांनी शनिवारची संध्याकाळची प्रार्थना परस्पर तासभर पुढे ढकलली होती, आणि देवाने त्याबद्दल काही हरकत घेतल्याचं कानावर नव्हतं. या सामन्याचा पूर्वरंग लिहायचं काम मायलीसकडे होतं. आणि ज्या पंधराजणांची नावं तिने त्यात छापायची, त्यांतला दोन नंबरचा खेळाडू तिचा धाकटा भाऊ होता.

दोन नंबर म्हणजे स्क्रमच्या पहिल्या रांगेत मधोमध उभा राहणारा. दोन्ही हात दोन्हीकडच्या दांडग्यांच्या खांद्यांवर टाकायचे, डोकं पुढे करायचं आणि समोरच्या तशाच डोक्यांच्या भिंतीत घुसायचं. चेंडू मैदानाबाहेर गेला की रेषेवरून तो आत फेकायचाही त्यानेच. काबानेलांच्या घरात, म्हणजे मायलीसच्या माहेरी, हा नंबर बापाकडून मुलाकडे आलेला. बाप रेमों काबानेलही दोन नंबरचाच.

बुधवारी दुपारी भाऊ आला, जोरिस. बाहेर ओताँ वारा सुटला होता. हा वारा सुटला की माणसं बिथरतात असं त्या मुलखात म्हणतात, आणि ज्या भांडणाला कारण सापडत नाही ते त्याच्या नावावर टाकून मोकळे होतात.

"काय पत्रकारबाई, कॉफी मिळेल का? की पेपरवाले फक्त दुसऱ्याचं पितात?"

"हळू बोल. आत्ताच डोळा लागलाय तिचा."

पण मामाचा आवाज ऐकून झेली जागी झालीच होती आणि पाळण्यात पाय झाडत होती. जोरिस तिला उचलायला वाकला, उचललं, आणि सरळ होताना एका बाजूला झुकला. एका हातात पोर, दुसऱ्या हाताने त्याने टेबलाची कड धरली. मायलीसने पुढे होऊन झेलीला आपल्याकडे घेतलं.

"भाची जड झालीय," तो हसून म्हणाला.

मग तो खिडकीपाशी गेला आणि झडपा ओढून घेतल्या.

"ऊन डोळ्यात जातंय."

"ऊन? सकाळपासून आभाळ भरलंय, जोरिस."

त्याने ऐकलं न ऐकलंसं केलं, खुर्चीत बसला, कॉफीत साखर टाकली आणि हात पुढे केला. "ती किल्ली दे."

"कुठली किल्ली?"

"अगं ही काय, समोर!" त्याचं बोट चमच्याकडे होतं. मग त्याचं त्यालाच कळलं. "चमचा. चमचाच म्हणालो मी."

मायलीसने चमचा दिला. झेलीला मांडीवर घेऊन ती समोर बसली. भावाचा चेहरा ती लहानपणापासून वाचत आली होती. त्या चेहऱ्यावर खोटं कुठे बसतं हे तिला पाठ होतं. डाव्या भुवईच्या वर.

"गेल्या शनिवारी टोला पडला ना तुला?"

टोला हा तिथला शब्द. देवळाच्या घंटेवर पडतो तसा डोक्यात पडतो तो टोला. मैदानावर डोकं आपटून माणूस गरगरला की 'टोला पडला' म्हणायचं, त्याच्या पाठीत एक थाप मारायची आणि 'किती वाजले रे?' असं विचारून सगळ्यांनी हसायचं. डॉक्टरांकडे या गोष्टीला लांबलचक, गंभीर नाव होतं. ते नाव कपडे बदलायच्या खोलीत कोणी घेत नसे.

"लहानसा," जोरिस म्हणाला. "एकाचा गुडघा लागला. लगेच उठलो की. कॅमेऱ्यात पण नाही."

"मी वर बसून बघत होते. उठलास आणि समोरच्या संघाच्या रांगेत जाऊन उभा राहिलास."

"त्यांची पोरं देखणी होती."

"डॉक्टरांना सांगितलंस?"

"सिल्व्हेरनं सांगितलं. म्हातारा चुगलखोर. मी बाहेर बसलो की त्याचा नंबर लागतो ना." सिल्व्हेर हा संघाचा दुसरा दोन नंबर, चौतिशीचा, गुडघ्यांना पट्ट्या बांधून खेळणारा. "मंगळवारी बाईंनी टेस्ट घेतली. पास! जुलैच्या टेस्टशी तंतोतंत जुळली." आणि तो खट्याळपणे हसला, तसाच, जसा जुलैमध्ये हसला होता.

जुलै मायलीसला आठवत होता. मोसम सुरू व्हायच्या आधी क्लबचे डॉक्टर प्रत्येकाची परीक्षा घेतात: दहा शब्द वाचून दाखवतात, ते परत म्हणायचे, एका पायावर उभं राहायचं, आकडे उलटे सांगायचे. चांगल्या डोक्याचं हे माप लिहून ठेवतात. पुढे कधी टोला पडला की पुन्हा परीक्षा, आणि नवं माप जुन्यापेक्षा कमी भरलं की खेळाडू बाहेर. यावर पोरांनी काढलेली तोड सोपी होती. पहिल्या परीक्षेतच मुद्दाम नापास व्हायचं. रविवारी आईकडे बदकाच्या तंगड्या खाताना जोरिसने ते रंगवून सांगितलं होतं. "दहातले चारच शब्द सांगितले. बाई मला म्हणते, काबानेल, तुम्ही शाळेत गेला होता ना? म्हटलं, मैदान शाळेच्या मागेच होतं, मादाम." बापाने टेबलावर हात आपटून दाद दिली होती. नवव्या महिन्याचं पोट सावरत मायलीसही हसली होती.

"मंगळवारी किती सांगितलेस?"

"चार. न् गप्प बसलो. बाकीचे येतच होते, पण म्हटलं, कशाला?"

झेलीने त्याचा अंगठा धरून तोंडात घातला होता. हिरड्यांखाली एक दात टोचायला लागला होता. जोरिस ते कौतुकाने बघत होता, पण डोळे बारीक करून.

"पापांकडे बघतोस ना?" मायलीस हळूच म्हणाली.

"पापांचं वय झालंय."

"एकसष्ट म्हणजे वय?"

गेल्या महिन्यात रेमों बाजारात लीकच्या जुड्या आणायला गेले ते दुपारपर्यंत परतले नाहीत. शेवटी सापडले जुन्या मैदानाच्या फाटकापाशी. मांडीवर भाजी घेऊन कठड्यावर बसले होते, आणि संघाची बस अजून कशी आली नाही म्हणून जाणाऱ्या-येणाऱ्याला विचारत होते. जुन्या सोबत्यांनी त्यांना घरी आणून सोडलं, वाटेत पास्तीस दारूचा एक पेला पाजला, आणि सगळे 'वय झालं' म्हणाले. असं का झालं, हे घरात कोणी मोठ्याने विचारत नसे.

"जोरिस, बऱ्या न झालेल्या डोक्यावर दुसरा टोला पडला तर काय होतं ते मी लिहिलंय. नदीपलीकडच्या गावातला तो पोरगा. त्याच्या आईच्या स्वयंपाकघरात बसून लिहिलंय. तो उठलाच नाही."

"एक सामना," जोरिस म्हणाला. आता तो हसत नव्हता. "एकच. मी एकोणतीस वर्षांचा आहे. असा सामना माझ्या आयुष्यात परत येणार नाही, तुलाही माहितीय. नंतर महिनाभर अंधारात झोपतो, शप्पथ. तू म्हणशील तितकं." तो उठला, दारापाशी थांबला. "तुला बहीण म्हणून सांगितलंय. पेपरसाठी नाही."

दुसऱ्या दिवशी पत्रकारांपुढे कोच म्हणाला, "सगळे ठणठणीत आहेत." मायलीसने वहीत लिहून घेतलं. घरी येते तोच पुजॉलचा फोन. पुजॉल खेळाच्या पानाचा संपादक. पिकलेल्या मिशांचा, पोटातून बोलणारा माणूस.

"काय गं पोरी, पूर्वरंग कुठवर आला? आणि संभाव्य पंधरा?"

सामन्याआधीच्या लेखाखाली एक चौकट असायची: संभाव्य पंधरा. उद्या कोण खेळेल याचा अंदाज. बाकीच्या जगात या चौकटीचं काय करतात ते तिथल्यांना ठाऊक नव्हतं. व्हालकास्तेलमध्ये मात्र ती वाचकांसाठी नसे, शत्रूसाठी असे. समोरचा संघ आपलं पान उघडून, यंत्राकडून भाषांतर करवून घेऊन वाचतो हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून एखादं नाव मुद्दाम चुकवायचं, एखाद्या धडधाकट माणसाला आजारी पाडायचं. याला 'धूर सोडणं' म्हणत. मागच्या फेरीत मायलीसनेच दहा नंबरला 'पोट बिघडल्याने अनिश्चित' लिहिलं होतं. समोरच्यांनी आदला दिवसभर भलत्याच माणसाला अडवायचा सराव केला. सामना जिंकल्यावर चौकात लोकांनी तिच्या नावाने ग्लास उंचावले होते, आणि ती झेलीला दूध पाजत बाकड्यावर बसून लाजली होती.

"चौकट देते चारपर्यंत," ती म्हणाली.

"धूर चांगला दाट असू दे. इंग्रज आहेत, त्यांना धुक्याची सवय असते."

झेली झोपली. मायलीस टेबलाच्या कोपऱ्यात बसली. लेख तिने आधीच बराच लिहून ठेवला होता: मेल्टनफर्डचा स्क्रम जड आहे, पण शेवटच्या वीस मिनिटांत त्यांच्या पायांत शिसं उतरतं, त्यांचा किक मारणारा उजव्या बाजूने चुकतो, ओताँ राहिला तर चेंडू उंच मारणाऱ्याची फजिती. एरवी अशा वाक्यांवर तिचा जीव असायचा. आज ती वाक्यं तिला दुसऱ्याच कुणाची वाटली.

'बहीण म्हणून सांगितलंय.' बरोबरच होतं त्याचं. पण पेपरात छापलं तर? तिला वाटलं, छापलं की ते कुणा एकाला सांगितल्यासारखं होत नाही. गाव वाचेल, डॉक्टर वाचतील, कोच वाचेल, कुणीतरी विचारेल. मग तिला कुणाच्या दारात जाऊन भावाचं नाव घ्यावं लागणार नाही. छापील अक्षरामागे लपता येतं, असा तिचा समज होता. तिने चौकटीत दोन नंबरपुढे सिल्व्हेर रोकफोर लिहिलं. आणि खाली एक ओळ: 'गेल्या शनिवारी डोक्याला मार लागल्याने जोरिस काबानेल या सामन्यात खेळू शकणार नाही.' आणि पाठवायचं बटण दाबलं.

दहा मिनिटांत पुजॉलचा फोन. तो इतका हसत होता की आधी काही कळेचना.

"वा गं माझी पोरगी! सख्ख्या भावाला पाडलंस! याहून दाट धूर मी चाळीस वर्षांत पाहिला नाही. सख्खी बहीण लिहितेय म्हटल्यावर कोण शंका घेईल?"

"मस्यू पुजॉल, हा धूर नाही."

"अर्थातच नाही!" तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात डोळा मारल्यासारखं काहीतरी होतं. "अगदी असंच म्हणत राहा. फोन ऐकत असतील साले."

"मी खरंच सांगतेय."

"मीसुद्धा, पोरी, मीसुद्धा," म्हणत त्याने फोन ठेवला.

शुक्रवारी सकाळी झेलीला पोटाशी बांधून ती पाव आणायला गेली. रांगेतल्या सगळ्यांनी वळून बघितलं आणि बेकरीवाल्या मादाम फाब्रने काउंटरवरूनच टाळ्या वाजवल्या.

"आली बघा आमची कोल्हीण! 'डोक्याला मार लागल्याने' म्हणे! वाचून माझ्या नवऱ्याच्या नाकातून कॉफी आली."

"मादाम फाब्र, ते खरं आहे."

"बघा, बघा, चेहरा तरी कसा करते! सिनेमात जायला हवं होतं हिनं." तिने पिशवीत चॉकलेट भरलेल्या दोन शोकोलातीन जास्तीच्या टाकल्या. "एक तुझ्यासाठी, एक त्या मार लागलेल्या बिचाऱ्यासाठी."

अख्खी रांग हसली. कुणीतरी झेलीच्या गालाला हात लावून म्हणालं, "आईसारखी लबाड हो हं."

ती बाहेर आली तेव्हा फोनवर जोरिसचा निरोप होता. 'माझी हुशार बहीण! मला वाटलं होतं तू घात करशील. आता ते इंग्रज दिवसभर सिल्व्हेरच्या थ्रोचा अभ्यास करत बसतील. तुझे पाय धुवून पिईन.' पुढे तीन चुंबनं.

मायलीस चौकातल्या बाकड्यावर बसली. शोकोलातीनची पिशवी वाऱ्याने उडून गेली तरी ती उठली नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिने त्या चौकटीत खरं लिहिलं होतं, आणि आता ते खरं सगळ्या गावात एकाच माणसाला माहीत होतं. तोही तिच्यावर खूष होता.

दुपारी ती मैदानावर गेली. क्लबच्या डॉक्टर मादाम एस्कुद्ये आपल्या छोट्या खोलीत पट्ट्यांची खोकी रचत होत्या. बारीक अंगाची, कुणाशी फारसं न बोलणारी बाई.

"या. अभिनंदन करायचं की काय तुमचं? मलाच सकाळपासून विचारतायत, काबानेलला खरंच काय झालंय म्हणून. आज थट्टा पुरे, मला कामं आहेत."

"त्याला खरंच झालंय, डॉक्टर."

"मंगळवारी तपासलाय मी. जुलैच्या मापात आहे तो."

"जुलैचं माप खोटं आहे." तिचा आवाज इतका बारीक निघाला की झेलीनेही मान वर करून तिच्याकडे बघितलं. "त्यानं मुद्दाम चार सांगितले होते. जेवताना आम्हाला सांगितलं. आम्ही सगळे हसलो."

डॉक्टरांनी हातातलं खोकं खाली ठेवलं. "हे पेपरवाली म्हणून सांगताय का?"

"पेपरवाली म्हणून कालच सांगून झालं."

जोरिसला बोलावणं गेलं. तो आला तो घामाने निथळत, खांद्यावर टॉवेल टाकून. बहिणीला बघून आधी हसला. मग डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग परत बहिणीकडे, आणि त्याचं हसू चेहऱ्यावरच वाळलं.

"जुलैमध्ये तू मुद्दाम चुकलास का?" डॉक्टरांनी विचारलं.

"कोण म्हणतं? ही?" त्याने मायलीसकडे बघितलंसुद्धा नाही. "हिला विचारून काय उपयोग? अख्ख्या गावाला विचारा. हिचा धंदाच धूर सोडण्याचा आहे. मागच्या फेरीत दहा नंबरचं पोट बिघडलं होतं, या फेरीत माझं डोकं. पुढच्या फेरीत तुम्हालाच आजारी पाडेल, मादाम."

"बस," डॉक्टर म्हणाल्या. "मी पुन्हा दहा शब्द वाचते. नवे. जुलैचं विसर, मंगळवारचं विसर. जमतील तितके सगळे सांग. सगळे सांगितलेस तर मी तुझ्या बहिणीला घरी पाठवते आणि उद्या तू खेळतोस."

मायलीसला त्या क्षणी काय वाटलं ते तिला नंतरही कुणाला सांगता आलं नसतं. त्याने दहाच्या दहा सांगावेत, असं तिला वाटलं. तिला खोटं पाडावं, गावासमोर हसं करावं, आणि दहाच्या दहा सांगावेत.

जोरिस खुर्चीत पुढे सरकून बसला, शाळेतल्या हुशार मुलासारखा, हात गुडघ्यांवर ठेवून. डॉक्टरांनी सावकाश वाचलं: लिंबू, शिडी, घोडा, चादर, पूल, मीठ, खिडकी, माळी, नाणं, ढोल.

"लिंबू," जोरिस लगेच म्हणाला. "शिडी. घोडा. ढोल." आणि हसला, सोपं आहे म्हणून. मग थांबला.

बाहेर मैदानावर कुणीतरी शिट्टी वाजवली. टॉवेलच्या टोकाने त्याने कपाळ पुसलं.

"येतायत," तो म्हणाला. "थांबा. लिंबू, शिडी, घोडा..." त्याची नजर भिंतीवरून, छतावरून, झेलीच्या टोपीवरून फिरली, जणू बाकीचे शब्द कुणी खोलीतच कुठेतरी लपवून ठेवले होते. ओठ हलत होते. डाव्या भुवईच्या वर काहीच नव्हतं. तो अगदी खरा होता. जुलैमध्ये त्याने मुद्दाम जेवढे सांगितले होते, तेवढेच आता जीव तोडून सांगता येत होते. आणि मंगळवारी 'येतच होते' ते बाकीचे शब्द मंगळवारीही येत नव्हते, हे त्याला या खोलीत, या खुर्चीत, पहिल्यांदा कळत होतं.

"पापा..." तो म्हणाला आणि तिथेच थांबला. तो शब्द यादीत नव्हता.

डॉक्टरांनी कागद उपडा ठेवला. "शंका आली की बाहेर, एवढाच नियम आहे माझा. आणि ही आता शंकाही राहिली नाही. पडदे लावून झोप. टीव्ही नाही, फोन नाही. कोचशी मी बोलते."

तो उठला. दारातून जाताना बहिणीच्या अगदी जवळून गेला. झेलीने मामा दिसला म्हणून हात पुढे केला. त्याने तो बघितला, आणि तसाच निघून गेला.

शनिवारी सिल्व्हेर खेळला. चौकट खरी ठरली तेव्हा गावाला आधी कळेना हसावं की काय, आणि कळलं तेव्हा कुणी हसलं नाही. मायलीस वर पत्रकारांच्या बाकावर बसली होती. शेजारच्या तिघांनी आपल्या खुर्च्या बोलत बोलत जराशा सरकवल्या. सिल्व्हेर म्हाताऱ्या घोड्यासारखा इमानाने धावला. शेवटच्या मिनिटाला दोन गुणांनी मागे असताना मेल्टनफर्डच्या रेषेपासून पाच मीटरवर चेंडू आत फेकायला त्याच्या हातात आला. इंग्रजांनी आदला अख्खा दिवस त्याच्याच थ्रोचा अभ्यास केला होता. तो कुणाकडे फेकणार ते त्यांना ठाऊक होतं, आणि त्यांना ठाऊक आहे हे त्यालाही ठाऊक होतं. त्याने ऐनवेळी बेत बदलला आणि चेंडू वाकडा गेला. वाकडा थ्रो म्हणजे चेंडू समोरच्यांचा, आणि सामना संपला. सिल्व्हेर रेषेवरच खाली बसला. बाहेर पडताना मादाम फाब्र मायलीसला जिन्यात भेटली. "शेवटी इंग्रजांनाच मदत केलीस गं," म्हणाली, रागानेही नाही, थकल्यासारखी.

रविवारी सकाळी मायलीस झेलीला घेऊन आईकडे गेली. दार आई ओदेतने उघडलं.

"जोरिस वर पडलाय, तुझ्याशी बोलायचा नाही," ओदेत म्हणाली. "मीही धड बोलेन असं नाही. पण पोरीला वाऱ्यात उभी करू नकोस, आत ये."

स्वयंपाकघरात रेमों गळ्यात क्लबचा मफलर गुंडाळून बसले होते. "आज सामना आहे ना?"

"काल झाला, पापा. हरलो."

"दोन नंबर कोण होता?"

"सिल्व्हेर."

रेमोंनी मान हलवली, विचार केला. "मग जोरिस बरा आहे ना?"

चुलीपाशी उभ्या असलेल्या ओदेतचा हात थांबला. मायलीसने वाकून बापाच्या कपाळावर ओठ टेकले, आणि माडीवर गेली.

त्यांच्या लहानपणीच्या खोलीचं दार बंद होतं. ती दाराबाहेर जमिनीवर बसली, पाठ दाराला टेकवून. झेलीला भूक लागली होती. तिने तिथेच तिला अंगाशी घेतलं. थोडा वेळ घरात फक्त त्या पोरीच्या पिण्याचा आवाज होता.

"कोण आहे?" आतून.

"मी."

"जा."

ती गेली नाही. त्यानेही पुन्हा म्हटलं नाही. झेलीने एका बाजूचं संपवून दुसऱ्या बाजूला तोंड वळवलं.

"किती झाले?"

"एकोणीस-सतरा. त्यांचे एकोणीस."

"कसं?"

"शेवटच्या मिनिटाला आपला थ्रो होता. पाच मीटरवर. वाकडा गेला."

आत पलंग करकरला. तो कुशीवर वळला असावा.

"माझा गेला नसता."

"नसता गेला," मायलीस म्हणाली.

तिला वाटलं, आता तो शिव्या देईल, आणि शिव्या दिल्या तर बरं होईल. झेली पिता पिता झोपली. तिच्या ओठाच्या कोपऱ्यात दुधाचा थेंब राहिला होता, तो मायलीसने करंगळीने टिपला. खाली ओदेतने भांडी विसळायला घेतली. बराच वेळ गेला. जोरिसला झोप लागली असावी असं समजून ती हलकेच उठायला लागली.

"मायलीस?"

"काय?"

"किती झाले?"

ती परत खाली बसली. डोकं मागे दाराला टेकवलं.

"एकोणीस-सतरा," ती म्हणाली, आत्ताच मैदानावरून आल्यासारखी. "त्यांचे एकोणीस."